गाडीच्या दाराचे डॅम्पिंग

स्पीकर वाजताना मोटारीच्या दाराचा पत्रा थरथरू नये, म्हणून त्याला आतून चिकट रबरी थर लावण्याचे काम. घरातल्या स्पीकरला जाड लाकडी खोका असतो. गाडीत तेच काम दाराला करावे लागते आणि दाराचा पत्रा असतो जेमतेम पाऊण मिलिमीटर. कोणत्याही सपाट पत्र्याची कंप पावण्याची स्वतःची अशी वारंवारता असते. गाण्यातला खर्जाचा एखादा स्वर तिच्याशी जुळला, की पत्राही सोबत वाजू लागतो. यालाच अनुस्पंदन किंवा रेझोनन्स म्हणतात. तेवढा एक स्वर घुमत राहतो आणि बाकीचे त्याखाली दबतात.

डॅम्पिंग शीट म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर जाडीचे ब्युटाइल रबर आणि वर ॲल्युमिनियमची फॉइल. पत्रा वाकला की पत्रा आणि फॉइल यांच्यामध्ये रबर ओढले जाते आणि कंपाची ऊर्जा उष्णतेत विरते. अशा थराचे गणित एडवर्ड कर्विन यांनी १९५९ मध्ये मांडले. फॉइल आहे म्हणूनच हा थर इतका पातळ असूनही चालतो. बोटाने टिचकी मारली तर उघडा पत्रा ‘ठण्ण’ वाजतो, शीट लावलेला ‘धप्’. सगळे दार मढवायची गरज नसते. मोठ्या सपाट भागाच्या मधोमध, साधारण पाव हिस्सा झाकला तरी बराचसा फरक पडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पत्रा पुसून तेलकटपणा काढणे आणि फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर दाबून फिरवणे. आत हवा राहिली, तर शीट नुसती लटकते.

पण बास, म्हणजे खर्जाचा आवाज, कमी येण्याचे कारण अनेकदा वेगळेच असते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोके असतात आणि त्यांवर पातळ प्लास्टिक असते. स्पीकरचा कोन, म्हणजे त्याचा पुढेमागे हलणारा पडदा, पुढे सरकतो तेव्हा पुढे हवा दाबली जाते आणि मागे विरळ होते. हे पुढचे आणि मागचे तरंग भोकांतून एकमेकांना भेटले, की खर्ज मरतो. ही भोके ॲल्युमिनियमच्या पत्र्याने बंद करावीत, मात्र काचेची मोटर दुरुस्त करायची वेळ आली तर तो काढता यावा. दाराच्या तळाची पाणी निघायची भोके कधीही बुजवू नयेत. पावसाचे पाणी आत साचून दार गंजते. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दाराच्या पोकळीतला दाब मोजणारा सेन्सर असतो. तिथे भोके बंद करण्याआधी गाडीची तांत्रिक माहिती पाहायलाच हवी.

खडखड हा निराळा दोष; तो शीटने जात नाही. वीस ते दोनशे हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावावा आणि डोअर पॅड (दाराचे आतले आवरण), कुलपाच्या सळ्या, वायरींचे क्लिप एकेक करून हाताने दाबून पाहावे. हात ठेवताच आवाज थांबला, की तिथे कापडी टेप किंवा फोमची पट्टी लावावी. डिकीत सबवूफर (फक्त खर्जासाठीचा मोठा स्पीकर) असेल, तर पहिला संशय नंबर प्लेटवर घ्यावा.