रेडिओवरच्या जुन्या मैफली इंटरनेटवर आल्या कुठनं? थोडी पार्श्वभूमी

कोल्हापुरात आता काही जण घरच्या लॅपटॉपवर गाण्यांचे पॉडकास्ट बनवायला लागलेत, आणि त्यात काय नसतं? एका तासात मल्लिकार्जुन मन्सूरांचा रेडिओवर गायलेला एखादा राग, त्याच्या मागनं पोवाडा, मग गोव्याकडचा मांडो, आणि मग थेट इंग्लंडातल्या कुठल्यातरी बँडनं बीबीसीच्या स्टुडिओत वाजवलेलं सेशन, म्हणजे खास रेडिओसाठी केलेलं रेकॉर्डिंग. मधे मधे करणारा आपल्याच आवाजात माहिती सांगतो. ऐकणारे हमखास विचारतात की हे तर कधी कॅसेटच्या दुकानात आलं नव्हतं, मग तुमच्याकडं कसं? त्याचं उत्तर एका वाक्यात येत नाही, कारण ते सव्वाशे वर्षं मागनं सुरू होतं.

भारतात गाण्याची व्यापारी रेकॉर्डिंग १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाली, ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग आला आणि गौहर जान गायल्या. तेव्हाच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, बस्स. जो राग मैफलीत तासभर फुलायचा तो तेवढ्यात बसवायचा. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवीसुद्धा साडेतीन मिनिटांचीच आहे. आणि केसरबाई कुणाच्या शिष्या, तर अल्लादियाखाँसाहेबांच्या, ज्यांना शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापूर दरबारात आणलं. पण स्वतः खाँसाहेबांची एकही रेकॉर्ड नाही. ते १९४६ पर्यंत होते, तोवर रेकॉर्डही होत्या आणि रेडिओही होता, तरी त्यांचा आवाज आपल्याकडं नाही, त्यांचं गाणं कळतं ते शिष्यांच्या गळ्यातनं. ज्या गावात हे झालं त्या गावानं जुन्या आवाजांबद्दल जरा जास्तच हळवं असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

रेडिओ आला तेव्हा तीन मिनिटांची अडचण पहिल्यांदा सुटली. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी जुलै १९२७ मध्ये सुरू झाली, १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. रेडिओवर गायकाला वीस मिनिटं, अर्धा तास मिळायचा, आणि पूर्वी बहुतेक सगळं लाइव्ह असायचं. एका कलाकाराला दिवसातनं दोन-तीन वेळा गायला बोलवायचे, म्हणजे सकाळी सकाळचा राग, रात्री रात्रीचा. त्यामुळं रेडिओवरचं गाणं हे तबकडी आणि मैफल या दोन्हीच्या मधलं काहीतरी झालं. वेळ बऱ्यापैकी, समोर श्रोते नाहीत, घड्याळावर डोळा, साथीला स्टेशनचे वादक. काही कलाकार या बंधनात लई सुंदर गायलेत. निवृत्तीबुवा सरनाईक मूळचे आपल्या कोल्हापूरचे, त्यांच्या बाजारात आलेल्या रेकॉर्ड थोड्या, तेव्हा अशा गायकांसाठी रेडिओच्या टेपा म्हणजेच खरा ठेवा.

एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे कारण जुनी टेप ओळखायला ती कामाला येते. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियम बंद केली, म्हणणं असं की पेटीवर श्रुती (सुरांमधले बारीक फरक) आणि मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं) नीट निघत नाही, आणि ती बंदी थोडी सैल झाली ती १९७१ मध्ये. म्हणजे ज्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला, ज्यांचं आयुष्य कोल्हापूरशी बांधलेलं होतं, ते १९५५ मध्ये गेले तेव्हा त्यांचं वाद्य आकाशवाणीवर चालत नव्हतं! ही बंदी मला आजही पटत नाही. पण त्याचा एक फायदा असा की आकाशवाणीच्या शास्त्रीय गाण्याच्या टेपेवर गायकामागं पेटी ऐकू आली तर ती बहुधा १९७१ नंतरची धरायची, आणि नुसती सारंगी असेल तर आधीची असू शकते. तारीख नसलेल्या कॅसेटवर एवढा धागा मिळाला तरी पुष्कळ असतं.

१९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. त्यांनी शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, कलाकारांच्या ऑडिशन कडक केल्या, आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरनं जवळजवळ हद्दपार केली. लोक काय करणार, लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं, तिथं त्याच वर्षी अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावं लागलं. याच काळात पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये गदिमांचं गीतरामायण झालं, छप्पन्न गाणी, आठवड्याला एक नवीन, संगीत कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांचं. आज आपण जे ऐकतो ते बहुतेक बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनीच, नंतर स्वतः सगळं गायलेलं आहे, पण रेडिओवर मूळ मालिकेत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे आवाज होते. म्हणजे तीच गाणी, तोच संगीतकार, आणि तरी रेडिओवरचं गीतरामायण हे वेगळंच रेकॉर्डिंग आहे. रेडिओ सेशनचं महत्त्व काय असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो.

कोल्हापूरला तेव्हा स्वतःचं आकाशवाणी केंद्र नव्हतं. आपण ऐकायचो ते शेजाऱ्यांचं. १९६३ मध्ये सांगली केंद्र सुरू झालं आणि दक्षिण महाराष्ट्राची सकाळ त्याच्यावर उजाडायला लागली, भक्तिगीतं, शेतीची माहिती, आपली आवड, स्थानिक भजनी मंडळं, शाहीर. त्याच्या आधीपासनं धारवाड होतं, ते १९५० चं, आणि मिडियम वेव्हची गंमत अशी की सूर्य मावळला की लांबची स्टेशनं वातावरणाच्या वरच्या थरावरनं परावर्तित होऊन येतात, त्यामुळं रात्री काटा जरा हलवला की कन्नड निवेदन आणि त्याच्यामागं आपल्या ओळखीची गायकी. मन्सूर धारवाडचे, तिथल्या आकाशवाणीचे संगीत सल्लागार, आणि शिकले ते मंजीखाँ आणि भूर्जीखाँ या अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलांकडं. भूर्जीखाँ तर कोल्हापूरलाच राहायचे. म्हणजे कोल्हापूरची विद्या धारवाडच्या स्टेशनवरनं रात्री परत कोल्हापूरला ऐकू यायची.

तिकडं इंग्लंडात गोष्ट वेगळ्याच कारणानं घडली. तिथं रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची युनियन यांच्या करारामुळं बीबीसीला दिवसात ठराविक तासच तबकड्या वाजवता यायच्या, त्याला नीडल टाइम म्हणायचे. उरलेला वेळ भरायला कलाकारांना स्टुडिओत बोलवून नवीन वाजवून घ्यावं लागायचं. सेशन ही चीज त्यातनं आली. १९६७ मध्ये बीबीसी रेडिओ वन सुरू झालं, त्याच्यावर जॉन पील नावाचा निवेदक आला आणि तो २००४ मध्ये जाईपर्यंत तिथं राहिला. त्याच्या कार्यक्रमासाठी चार हजारांच्या वर सेशन झाले, त्यातले बरेच बीबीसीच्या मेडा वेल स्टुडिओत. पद्धत साधी, बँडनं सकाळी यायचं, साधारण चार गाणी वाजवायची, रात्रीपर्यंत मिक्स करून मोकळं व्हायचं. ज्यांची एकही रेकॉर्ड निघालेली नाही अशा पोरांनापण तो बोलवायचा. द फॉल नावाच्या एका बँडनंच चोवीस सेशन केले. आणि पीलच्या एका तासात पंक, मग रेगे, मग आफ्रिकेतलं गिटार, मग पन्नास वर्षांपूर्वीची तबकडी असं काहीही यायचं, कुठल्या खान्यात बसतंय याची फिकीर नाही. आत्ता जे घरगुती पॉडकास्ट सगळं एकत्र कालवतात त्यांचा वाडवडील हाच, आणि आपल्याकडं बघितलं तर एका सकाळी अभंग, नाट्यगीत, लावणी आणि समूहगान देणारं सांगली केंद्र.

आता मुख्य मुद्दा. ही रेकॉर्डिंग स्टेशनांनी सगळी सांभाळली का? नाही. टेप महाग होती, एकदा प्रसारण झालं की त्याच रिळावर पुढचा कार्यक्रम. बीबीसीनंही पुसलं, आकाशवाणीवरही पुसलं गेलं. कुणी दुष्टपणानं नाही केलं, हे परत कुणी ऐकेल असं त्या वेळी वाटतच नव्हतं. मग वाचलं कुठं, तर घराघरात.

फिलिप्सनं १९६३ मध्ये कॉम्पॅक्ट कॅसेट काढली. आपल्याकडं घरोघरी पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं, तेव्हा टू-इन-वन आले, रेडिओ आणि टेप एकाच डब्यात, पाहुण्यांपैकी कुणी आखातात असला तर तिकडनं यायचा. त्याच्या आधी ज्यांच्याकडं रिळांचा टेपरेकॉर्डर होता ती माणसं अख्ख्या पेठेला माहिती असायची. टू-इन-वननं काय केलं, तर रेडिओवर चाललेलं थेट कॅसेटवर घेता यायला लागलं, मधे माइक नको, घरातला कुकर नको, रस्त्यावरचा हॉर्न नको. इंग्लंडातही पोरं रात्री पीलचा कार्यक्रम असाच टेप करायची आणि १९८१ मध्ये तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांनी घरच्या टेपिंगमुळं संगीत मरतंय अशी मोठी जाहिरातबाजी केली. प्रत्यक्षात त्याच घरच्या कॅसेटींमुळं पुढं कितीतरी कार्यक्रम सापडले, पील गेल्यावर श्रोत्यांनी माळ्यावरची खोकी खाली काढून एकमेकांच्या टेपा जुळवून गाळलेल्या जागा भरल्या.

सी-९० कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, म्हणून अशा रेकॉर्डिंगमध्ये द्रुत (रागाचा शेवटचा जलद भाग) रंगात आली की खटकन तोडलेली असते, आणि उलटून लावेपर्यंतचा तुकडा कायमचा गेलेला असतो. ऐकताना जीव हळहळतो. पण त्याच टेपेवर शेवटी निवेदिकेचा आवाज, तबल्याला कोण होतं त्याचं नाव, वेळ, कधी पुढच्या बातम्यांची सुरुवात राहून गेलेली असते, आणि त्यावरनं तारीख काढता येते! पॉडकास्ट करणारे काही जण स्वच्छ करायच्या नादात हे सगळं कापतात, ते कृपया कापू नका.

इंटरनेटवर हे कसं चढलं ते थोडक्यात. नव्वदच्या दशकात एमपी३ आलं, म्हणजे आवाजाची फाइल आकसून लहान करायची पद्धत. १२८ केबीपीएसला एक तास म्हणजे साधारण ५८ एमबी, आणि टेलिफोनच्या ५६ केच्या लाइनीवर ते उतरायला अडीच तासाच्या आसपास, लाइन तुटली नाही तर. तरी लोक पाठवायचे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या इंटरनेट आर्काइव्हवर जागा मिळाली, २००४ च्या फेब्रुवारीत पॉडकास्ट हा शब्द एका ब्रिटिश वर्तमानपत्रात पहिल्यांदा छापून आला, २००५ च्या जूनमध्ये ॲपलनं आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले. मधल्या काळात फुकट फाइल ठेवायच्या साइटवर हजारो दुर्मिळ रेकॉर्डिंग होती, आणि जानेवारी २०१२ मध्ये मेगाअपलोड एका दिवसात बंद झाली तेव्हा त्यातलं बरंच काही एका फटक्यात गेलं. ज्यांनी घरी कॉपी ठेवली नव्हती त्यांना परत मिळालं नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि मग कोल्हापुरातनंसुद्धा ऐकणं, चढवणं दोन्ही सोपं झालं.

कॅसेट कॉम्प्युटरवर घेणं मात्र अजून सोपं नाही. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेपेवरचा आवाज वाचणारा भाग, स्पिरिटनं पुसायचं, हेडचा स्क्रू फिरवून आवाज सगळ्यात उजळ कुठं येतो ते बघायचं, मग सगळ्यात महत्त्वाचं, स्पीड. जुन्या मशिनीची मोटर हळू-जलद असायची, त्यामुळं गायकाची पट्टी (ज्या सुराला तो सा धरतो) बदलते, पेटीच्या काळी एकमध्ये गाणारा माणूस वरच्या पांढरी दोनच्या जवळ जातो आणि आवाज पातळ लागतो. त्या गायकाची पट्टी दुसऱ्या रेकॉर्डवरनं माहिती असली तर ती धरून स्पीड दुरुस्त करता येतो. यात संगीत कळणारा माणूस जवळ लागतो, नुसतं सॉफ्टवेअर पुरत नाही. आणि आपल्याकडची हवा, पंचगंगेचा पूर! २००५, २०१९, २०२१, नदीकाठच्या घरात पाणी शिरलं की फ्रिज-टीव्हीची नुकसानभरपाई मोजतात, कॅसेटचं खोकं कुणी मोजत नाही. भिजलेल्या टेपेला बुरशी धरते, तशीच मशिनीत घातली तर टेप आणि हेड दोन्ही जातं, आधी सावलीत पूर्ण वाळवावी लागते.

कायद्याचंही लोक विचारतात म्हणून सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रसारणाचा हक्क २५ वर्षं, कलाकाराचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं, प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा ६० वर्षं, आणि कवी-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. एकाच टेपेवर हे वेगवेगळे हक्क बसलेले असतात. पारंपरिक बंदिश असेल तर रचनेचा प्रश्न येत नाही, पण ऐंशीच्या दशकातलं भावगीत असेल तर जवळजवळ सगळेच येतात. म्हणून जे विकतायत त्यांच्याशी माझं अजिबात पटत नाही. फुकट ऐकवणाऱ्यांनीही कलाकाराच्या घरच्यांना आधी विचारावं, बऱ्याचदा त्यांच्याकडंच ते रेकॉर्डिंग नसतं आणि त्यांना मोठा आनंद होतो.

आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीनं आपल्या संग्रहातलं काही आता स्वतःच यूट्यूबवर टाकलंय, पण त्यात मोठी नावं जास्त. सांगली केंद्रावर एकदाच येऊन गेलेले भजनवाले, गावोगावचे शाहीर, आकाशवाणीच्या ऑडिशनमध्ये बी ग्रेड, म्हणजे खालची श्रेणी, मिळालेले गायक, ज्यांची दुसरी कसलीच नोंद नाही, ते शोधायचे तर कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लजकडच्या घरातल्या कॅसेटी धुंडाळाव्या लागणार. तुमच्याकडं असली तर पुसू नका, विकू नका, वर जी काही चिठ्ठी चिकटवलेली आहे तिचा आधी फोटो काढा, आणि मग ज्याच्याकडं चांगला टेपरेकॉर्डर आहे अशा कुणाला तरी गाठा.