स्क्रिप्तुरा: चराईच्या वहीतून धर्मग्रंथाकडे

लॅटिनमधला 'स्क्रिप्तुरा' हा शब्द आज बहुतेकांना भेटतो तो बायबलच्या संदर्भात. इंग्रजीतलं 'स्क्रिप्चर' त्याच्यापासूनच आलं, त्यामुळे पवित्र लेखन, धर्मग्रंथ हाच अर्थ मनात पक्का बसलेला असतो. पण इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या एखाद्या इटालियन मेंढपाळाला हा शब्द ऐकून कर आठवला असता. सरकारी कुरणात जनावरं चारायची तर जी पट्टी भरावी लागे, तिचं नाव स्क्रिप्तुरा. आपल्याकडच्या जुन्या जमाबंदीत वनचराई होती, साधारण तोच प्रकार.

लिखाणासाठीचा शब्द चराईला कसा चिकटला, हे समजण्यासाठी आधी मूळ क्रियापद पाहायला हवं. 'स्क्रीबेरे' म्हणजे लिहिणं, आणि त्याच्याही आधी ओरखडणं, रेघ ओढणं. संस्कृतातल्या 'लिख्' धातूचाही जुना अर्थ हाच. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे शहराच्या जुन्या मुख्य चौकात, 1899 साली जाकोमो बोनी यांच्या उत्खननात काळ्या फरसबंदीखाली एक कोरीव दगड मिळाला. त्यावरचा लेख इ.स.पू. सहाव्या शतकातला, म्हणजे लॅटिनच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. ही अक्षरं दगडात खोदलेली आहेत. रोजच्या वापरात दगडाची जागा मेण लावलेल्या लाकडी पाट्यांनी घेतली, पण क्रिया तीच राहिली: टोकदार लेखणीने मेण ओरखडायचं. रेघ हा अर्थ तर एका खेळाच्या नावात टिकून राहिला. 'दुओदेकिम स्क्रिप्ता' या सोंगट्यांच्या खेळाचं नाव म्हणजे नुसतं 'बारा रेघा'. प्रसिद्ध रोमन वक्ता आणि वकील सिसेरो सांगतो की कायदेपंडित स्काएवोला त्यात पटाईत होता.

आता चराई. रोमने इटलीतली एकेक जमात जिंकली, तसतशी बरीच जमीन राज्याच्या मालकीची झाली. तिच्यातली कुरणं सेन्सॉर हे अधिकारी मक्त्याने देत. मक्ता घेणारा 'पुब्लिकानुस' राज्याला ठरलेली रक्कम भरायचा आणि मेंढपाळांकडून वसूल करायचा. दक्षिणेतल्या आपुलियातून उन्हाळ्यात सामनियमच्या डोंगरांकडे मेंढरांचे मोठमोठे कळप निघत. तिथे चरायचं तर आधी मक्तेदाराकडे जाऊन कळपाची नोंद करावी लागे. वारो हा लेखक हे सगळं जवळून जाणत होता, त्याचे स्वतःचे कळप असेच फिरत. त्याने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे की नोंद न केलेली जनावरं चारली तर सेन्सॉरच्या नियमाचा भंग होतो. अशा जनावरांना त्याने वापरलेलं विशेषण आहे 'इन्स्क्रिप्तुम', म्हणजे वहीत न चढलेलं.

इ.स. दुसऱ्या शतकातला कोशकार फेस्टुस या नावाचं कारणही देतो. मक्तेदार मेंढपाळाशी लिहून हिशेब करतो, म्हणून त्या जमिनीला 'स्क्रिप्तुरारियुस' म्हणतात, असं तो सांगतो. इ.स.पू. 111 चा जमीनविषयक कायदा काशाच्या पत्र्यावर कोरलेला होता. त्याचे तुकडे आजही आहेत आणि त्यांत हा कर नावानिशी येतो: सामाईक कुरणात दहापर्यंत मोठी जनावरं चारणाऱ्याकडून स्क्रिप्तुरा घ्यायची नाही. छोट्या शेतकऱ्याला दिलेली ही सूट मला फार महत्त्वाची वाटते, कारण कराचा खरा बोजा कोणावर पडत असे तेही तिच्यावरून कळतं.

लोकांना हा कर किती परिचित होता, हे नाटकावरूनही दिसतं. प्लाउटसच्या एका नाटकात गणिकेच्या घरची दासी खिसा रिकामा झालेल्या तरुणाला सुनावते: ज्यांच्याकडे चराई भरायला पैसे नसतात, ते मक्तेदारांच्या नावाने बोटं मोडतात. प्रेक्षक हसले असतील, तर स्क्रिप्तुरा काय असते हे सांगावं लागत नव्हतं म्हणूनच.

या वह्यांच्या आत डोकावण्याची संधी एकाच प्रसंगात फार जवळून मिळते. सिसिलीचा सुभेदार गाइयुस वेर्रेस याच्यावर इ.स.पू. 70 मध्ये लुबाडणुकीचा खटला झाला आणि फिर्यादी बाजू सिसेरोने मांडली. सिसिलीतल्या चराईच्या मक्त्याचं काम कार्पिनातियुस नावाचा व्यवस्थापक पाहत असे. तो व्याजबट्टाही करायचा. त्याच्या वह्या तपासताना सिसेरोला 'वेर्रुकियुस' या नावावर पुन्हापुन्हा रकमा जमा-नावे झालेल्या दिसल्या. वेर्रेस सुभेदार होऊन येण्याआधी या नावाची एकही नोंद नाही, तो गेल्यानंतरही नाही. शिवाय नावातली दुसऱ्या 'आर'पर्यंतची अक्षरं स्वच्छ होती आणि पुढची सगळी खाडाखोडीवर लिहिलेली. 'वेर्रेस'चं शेपूट पुसून त्या जागी नवं शेपूट जोडलं होतं.

मेणाच्या पाटीवर हे करणं सोपं होतं. लेखणीचं दुसरं टोक चपटं असे, त्याने मेण सपाट करायचं आणि वर पुन्हा लिहायचं. चांगला लेखक व्हायचं तर लेखणी वारंवार उलटी कर, असा सल्ला पुढे कवी होरेसने दिला तो याच सवयीवरून. पण खोडलेल्या जागेचा डाग राहतो. मक्तेदारांच्या मूळ वह्या रोमला नेण्याला कायद्याने मनाई होती. म्हणून सिसेरोने सिराक्यूजच्या चौकात, प्रतिष्ठित साक्षीदारांसमोर, त्या नोंदींची नक्कल करून घेतली, अक्षरांसह आणि खाडाखोडीसह, जशीच्या तशी. पुरावा अक्षरात जितका होता, तितकाच डागात होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका वकिलाला हे नेमकं उमगलं होतं, याचं मला प्रत्येक वेळी नव्याने कौतुक वाटतं. चारच वर्षांनी, इ.स.पू. 66 मध्ये, पॉम्पी या सेनापतीला युद्धाचे अधिकार द्यावेत म्हणून केलेल्या भाषणात सिसेरो राज्याचं उत्पन्न मोजतो: बंदरावरची जकात, धान्याचा दशांश आणि स्क्रिप्तुरा. शत्रू नुसता जवळ आला तरी गुराखी कुरणं सोडून पळतात आणि हे सगळं बुडतं, असा त्याचा मुद्दा होता.

याच काळात शब्दाचे इतर अर्थही चालू होते. नाटककार टेरेन्स इ.स.पू. 160 मधल्या एका प्रस्तावनेत आपल्या लेखनाला स्क्रिप्तुरा म्हणतो. पण रोमन व्यवहारात लिहिण्याचं वजन होतं ते दप्तरात. सिनेटच्या सभासदांना 'कॉन्स्क्रिप्ती' म्हणत, म्हणजे यादीत नोंदलेले. सैनिकांची भरती हीसुद्धा नावं लिहून घेणंच होती. सरकारी कारकून तो 'स्क्रीबा'. या कारकुनांपैकी ग्नायुस फ्लावियुस याची गोष्ट इतिहासकार लिवीने जपली आहे. तो एका मुक्त गुलामाचा मुलगा. इ.स.पू. 304 मध्ये तो ईडाइल या पदावर निवडून येऊ लागला, पण तो पगारी लेखनिक म्हणून त्याचं नाव स्वीकारायला नकार मिळाला. काही जुन्या वृत्तान्तांनुसार त्याने हातातली पाटी तिथेच खाली ठेवली आणि यापुढे कारकुनी करणार नाही अशी शपथ घेतली. पदावर आल्यावर त्याने पुरोहितांनी आपल्यापाशी ठेवलेलं कायद्याचं ज्ञान उघड केलं आणि कोर्टाचं कामकाज कोणत्या दिवशी चालतं याचं पंचांग पांढऱ्या फळ्यांवर लिहून फोरमभोवती लावलं. लेखनिकाने केलेली इतकी मोठी लोकसेवा रोमच्या इतिहासात मला दुसरी दिसत नाही.

धर्मग्रंथ हा अर्थ मात्र कुरणातून आलेला नाही, तो ग्रीकमधून आला. ग्रीक ख्रिस्ती लोक यहुदी पवित्र ग्रंथांना 'ग्राफे' म्हणत, म्हणजे लेखन. लॅटिन भाषांतरकारांनी त्यासाठी हाताशी असलेला सरळ शब्द उचलला. हे काम आधी उत्तर आफ्रिकेत दिसतं. इ.स. 180 मध्ये, 17 जुलै रोजी, कार्थेजमध्ये काही ख्रिस्ती माणसांची चौकशी झाली. तुमच्या पेटीत काय आहे, असं सुभेदाराने विचारलं तेव्हा उत्तर आलं: पुस्तकं, आणि पौल नावाच्या सज्जनाची पत्रं. आफ्रिकेतल्या लॅटिन ख्रिस्ती कागदपत्रांत तारीख असलेला हा सर्वांत जुना.

या भाषांतरांची लॅटिन सुशिक्षितांना गावंढळ वाटे. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात सांगतो की तरुणपणी सिसेरो वाचून भारावल्यावर त्याने हे ग्रंथ उघडले आणि सिसेरोच्या भारदस्तपणापुढे ते त्याला अगदीच कमी वाटले. पोप दमासस यांच्या सांगण्यावरून 382 च्या सुमारास जेरोम या विद्वानाने शुभवर्तमानांचा पाठ सुधारायला घेतला, पुढे बेथलेहेमला राहून हिब्रूवरून जुना करार लॅटिनमध्ये आणला. त्याच्या पाठात योहानाच्या शुभवर्तमानात 'स्क्रिप्तुरास' धुंडाळा असं वाक्य येतं, आणि मत्तय या शिष्याची ओळख 'पुब्लिकानुस' अशीच होते. मत्तय जकातीवर बसणारा, चराईवर नव्हे. पण वही आणि वसुली यांच्या शब्दसंग्रहातला माणूस परंपरेने एका शुभवर्तमानाचा लेखक ठरला आहे, आणि हे मला नुसता योगायोग म्हणून सोडून देववत नाही. नोंदलेलं तेच ग्राह्य, ही रोमन दप्तराची सवय लॅटिन वाचणाऱ्याच्या कानात आधीपासून होती.

पुढे मठांमध्ये नकला करणं हेच व्रत झालं. सहाव्या शतकात दक्षिण इटलीत मठ स्थापन करणाऱ्या कासिओदोरसने म्हटलं आहे की नक्कलकार प्रभूचे जितके शब्द उतरवतो, तितके घाव सैतानाला बसतात. सांक्ट गालेन मठाच्या, 820 च्या सुमाराच्या आराखड्यात वर ग्रंथालय आणि खाली लिहिणाऱ्यांच्या बैठका दाखवल्या आहेत.

सोळाव्या शतकात याच शब्दावरून युरोप दुभंगला. जर्मन धर्मसुधारक लूथरने 1520 मध्ये लिहिलं की राज्य एकट्या स्क्रिप्तुराचं असावं. पुढच्याच वर्षी वर्म्सच्या सभेत त्याने, आपण दाखवलेल्या शास्त्रवचनांनी बांधलेले आहोत असं सांगून, माघार नाकारली. त्याला कॅथलिक उत्तर ट्रेंटच्या परिषदेत 8 एप्रिल 1546 रोजी आलं: सत्य लिखित पुस्तकांत आहे आणि अलिखित परंपरांतही. लिहिलेलं आणि न लिहिलेलं यांत अधिकार कसा वाटायचा, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

दप्तरातला अर्थही मेला नाही. तो लॅटिनच्या लेकीबाळींत राहिला आणि पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरला. पोर्तुगीजमध्ये 'एस्क्रितुरा' म्हणजे बायबलही आणि नोटरीपुढे केलेला दस्तही. गोव्यात घराच्या, शेताच्या वारसाहक्काचं काम निघालं की वारस ठरवणारी जुनी एस्क्रितुरा आजही शोधावी लागते, आणि गावच्या कोमुनिदादीचं, म्हणजे सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचं, दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाचा हुद्दा अजून 'एस्क्रिव्हांव' हाच आहे.