भाजल्या कांद्याला सडका वास का येतो?

अमळनेरच्या माझ्या मामीला २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोना झाला. ऑक्सिजनची वेळ आली नाही, घरीच बरी झाली. वास गेला होता, तो दोन महिन्यांनी आला. पण भलताच होऊन आला. शेवभाजीच्या रश्श्यासाठी निखाऱ्यावर कांदा-खोबरं ठेवलं की ती नाकाला पदर लावून अंगणात पळायची. "माले कांदाना वास सडेल येस," म्हणायची. मग शेजारणीने दृष्ट काढली. मीठ-मिरच्या चुलीत पडल्या आणि मामीला सगळ्यांबरोबर ठसका लागला. ठसका लागला म्हणजे दृष्ट नाही, वासही येतोय, म्हणजे हे मनाचंच, असा निकाल झाला.

या निकालाचा मला आजही राग येतो. मिरचीचा ठसका हा वास नव्हेच. खोकला श्वासमार्गातल्या व्हेगस नावाच्या चेतेतून (मज्जातंतूतून) उठतो, आणि नाका-डोळ्यांतली झोंब ट्रायजेमिनल नावाच्या चेतेतून मेंदूकडे जाते. हीच चेता चेहऱ्यावरचा स्पर्श, आग, वेदना कळवते. वास अजिबात न येणारा माणूसही मिरचीच्या धुराने खोकू शकतो. चुलीतल्या मिरच्यांवरून ना दृष्ट कळते, ना आजार.

वासाचं खरं काम नाकाच्या छताशी, टपालाच्या तिकिटाएवढ्या अस्तरात चालतं. तिथल्या चेतापेशींचं एक टोक श्वासाच्या हवेत उघडं असतं आणि दुसरं कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून थेट मेंदूत शिरतं. म्हणून २०२० मध्ये भीती होती, की विषाणू याच वाटेने मेंदूत चढत असणार. पण हार्वर्डच्या संशोधकांनी पाहिलं तेव्हा विषाणूला पेशीत शिरायला लागणारं एसीई-२ हे प्रथिन या चेतापेशींवर सापडलं नाही. ते होतं त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर. मग घर शेजाऱ्याचं जळालं, तर वास का जावा?

उत्तर २०२२ मध्ये न्यूयॉर्कमधून आलं, आणि मला ते या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. माणसाकडे वास ओळखणाऱ्या ग्राहकांची (रिसेप्टरांची, म्हणजे वासाचे रेणू पकडणाऱ्या प्रथिनांची) सुमारे ४०० जनुकं आहेत, पण प्रत्येक चेतापेशी त्यातलं एकच वापरते. ही निवड व्हावी म्हणून वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली जनुकं पेशीच्या केंद्रकात एकमेकांजवळ येतात. दहा गावांची माणसं एका पारावर जमावीत आणि बोलण्याचा मान एकालाच मिळावा, तसं. शेजारच्या पेशींना संसर्ग झाला की दाहाचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारातून येणाऱ्या सुजेचे, रासायनिक संदेश सुटतात आणि हा पारच मोडतो. जनुकं पांगतात, गप्प होतात. चेतापेशी जिवंत असते, पण तिच्या टोकावर वास पकडणारे ग्राहकच उरत नाहीत. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यात हे दिसलं, कोरोनाने दगावलेल्या माणसांच्या ऊतीतही दिसलं. हॅमस्टरमध्ये विषाणू निघून गेल्यावरही पार लगेच भरला नाही.

मग उलटा वास कुठून? या चेतापेशी जन्मभर नव्याने तयार होतात. एकाच ग्राहकाच्या सगळ्या पेशींच्या तारा मेंदूतल्या गंधकंदात, म्हणजे वासाचे निरोप घेणाऱ्या भागात, ठरलेल्या ठिकाणी जुळाव्या लागतात. काही जुळल्या, काही नाही, तर मेंदूला अर्धवट निरोप पोचतो आणि ओळखीचा वास घाण लागतो, असं मानलं जातं. कांदा-खोबरं किंवा कॉफी भाजताना तयार होणारे काही गंधकयुक्त रेणू अगदी कणभर असले तरी नाकाला कळतात, आणि वास उलटलेल्यांना तेच सर्वांत जास्त छळतात. मामी कांद्यावरच अडली यात नवल नव्हतं.

गोष्ट नाकापाशी थांबत नाही. ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्य-संशोधन प्रकल्पाने ७८५ जणांच्या मेंदूचे दोनदा स्कॅन केले. त्यातल्या ४०१ जणांना दोन स्कॅनच्या मधल्या काळात कोरोना झाला होता. त्यांच्यात गंधाशी जोडलेल्या काही भागांची घट इतरांपेक्षा ०.२ ते २ टक्के जास्त होती. यावरून 'कोरोनाने मेंदू कुजतो' असं ओरडणारे व्हिडिओ निघाले. ती सरासरी आहे, एका माणसाचं भविष्य नव्हे.

कोरोनानंतर काहींच्या डोक्यात धुकं साचतं, बोलता बोलता शब्द हरवतो, हिशोब चुकतो, यामागेही मुख्य संशय दाहावर आहे. २०२२ मध्येच उंदरांना फक्त श्वसनमार्गात सौम्य संसर्ग करून पाहिला. मेंदूत विषाणू नव्हता, तरी तिथल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या राखणदार पेशी, खवळलेल्या होत्या आणि चेतातंतूंवरचं मायेलिनचं वेष्टण कमी झालं होतं. कोरोनानंतर काहींची स्वायत्त चेतासंस्थाही, म्हणजे नाडी-रक्तदाब आपोआप सांभाळणारी यंत्रणा, बिघडते: उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडीचे ठोके मिनिटाला ३० किंवा अधिकने वाढतात, रक्तदाब मात्र पडत नाही. अशा माणसाला 'आळशी' म्हणण्याआधी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर त्याची नाडी मोजा.

'मेंदू साफ करणाऱ्या' सलाईनवर पैसे घालवू नका. वासासाठी आधार असलेला साधा उपाय म्हणजे गंधाचा सराव. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये २००९ साली त्यावरचा अभ्यास आला, कोरोनाच्या खूप आधी. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हे चार वास, दिवसातून दोनदा, प्रत्येकी काही सेकंद, किमान तीन महिने. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आणि येतो तोही हळूहळू.

मामीने तो सात महिने केला, लवंगेची डबी उशाशी ठेवून. आता थंडीतलं वांग्याचं भरीत ती चवीने खाते. रश्श्याचा कांदा मात्र अजूनही मामाच अंगणात भाजून आणतो.