तोल, तळपाय आणि न जाणवणारी थरथर : पार्श्वभूमी

नाशिकच्या मेडिकल आणि सर्जिकल दुकानांत हल्ली दोन वस्तू शेजारी शेजारी दिसतात. एक म्हणजे ओळखीची दाणेदार रबरी चप्पल, दुसरी म्हणजे बॅटरीवर थरथरणारा इनसोल, म्हणजे बुटात पायाखाली घालायची गादी. दोन्ही विकताना बोलणं एकच असतं : तळपायाच्या नसा जाग्या होतात, तोल सुधारतो, म्हातारपणी पडायची भीती राहत नाही. पण या दोघींची कुळं वेगळी आहेत, आणि 'पडायची भीती राहत नाही' हे दोघींच्याही बाबतीत अजून सिद्ध व्हायचं आहे.

तळपाय आणि तोल यांचं नातं आपल्याकडे जुनंच. चरकसंहितेत पादाभ्यंगाचे, म्हणजे पायाला तेल चोळण्याचे, फायदे सांगताना पायांची सुप्ती, म्हणजे बधिरपणा, जातो आणि पायांना स्थैर्य येतं असं म्हटलं आहे. काशाची वाटी घासणाऱ्या घरांना ते नव्याने सांगायला नको. जाहिरातवाले मात्र तिथून थेट बॅटरीवर येतात, ते जरा अतिच होतं. पुढे १८४०च्या दशकात बर्लिनच्या एका डॉक्टरने मज्जारज्जूचा विकार असलेल्या रुग्णांत पाहिलं की डोळे उघडे असेपर्यंत माणूस ठीक उभा असतो. डोळे मिटले की झुलायला लागतो. पायाकडून येणारी खबर तुटली होती आणि इतका वेळ डोळे ती उणीव भरून काढत होते. पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायची ती तपासणी आजही फिजिओथेरपीच्या ओपीडीत रोज होते.

आजच्या इनसोलची खरी गोष्ट सुरू होते ती १९८१ मध्ये, आणि तीही वैद्यकाबाहेर. हिमयुगं ठरावीक काळाने का येतात, हे कोडं सोडवताना इटलीतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी स्टोकॅस्टिक रेझोनन्सची कल्पना मांडली : संकेत फार क्षीण असेल तर त्यात थोडा बेशिस्त गोंगाट मिसळला की तो उलट पकडता येतो. गोदेचं पाणी पायरीच्या बोटभर खाली असेल तर पायरी कोरडी राहते. पाण्यावर लाटा उठल्या की भिजते, तसंच हे. गोंगाट फार झाला तर मात्र मूळ संकेतच बुडतो. १९९३ मध्ये हाच परिणाम क्रेफिश या गोड्या पाण्यातल्या, झिंग्यासारख्या जिवाच्या शेपटीवरच्या, स्पर्श टिपणाऱ्या केसांत दिसला, १९९६ मध्ये माणसाच्या बोटाच्या टोकावर.

मग बोटावरून पायावर यायला वेळ लागला नाही. २००३ मध्ये, इकडे आपल्या सिंहस्थाचं वर्ष होतं तेव्हा, बोस्टनच्या एका गटाने जेलच्या इनसोलमध्ये तीन कंपक बसवले : दोन चवड्याखाली, एक टाचेखाली. इथे गोंगाटाचं काम करणारं हे कंपन मुद्दाम इतकं हलकं ठेवलं की पायाला ते जाणवू नये. १५ तरुण आणि सरासरी ७३ वर्षांची १२ वयस्क माणसं त्यावर डोळे मिटून उभी राहिली. कंपन चालू असताना झुलणं कमी झालं, आणि वयस्कांत जास्त कमी झालं. एवढ्या छोट्या प्रयोगाची बातमी जगभर गेली.

वादाची मेख त्या 'झुलण्या'त आहे. संशोधकांना खरं तर पडणं मोजायचं होतं, पण ते मोजणं महाग आणि किचकट. शेकडो माणसं, वर्षभराचा पाठपुरावा, प्रत्येकाला कॅलेंडर देऊन रोजची नोंद. त्याऐवजी झुलणं प्रयोगशाळेत एका दुपारी मोजून होतं. म्हणून तेच यशाचं माप ठरलं, आणि पुढची बरीच वर्षं हे क्षेत्र त्याच मापावर चाललं. माझ्या मते इथेच वाट चुकली. पार्किन्सनच्या काही रुग्णांचं शरीर ताठरलेलं असतं, ते झुलतात कमी, पण पडतात. शिवाय आपली माणसं शांत उभी असताना थोडीच पडतात? ती पडतात मोरीत, ओल्या शहाबादी फरशीवर, पंचवटीतल्या वाड्याच्या अंधाऱ्या जिन्यात, रामकुंडाजवळच्या शेवाळलेल्या पायरीवर. वळताना, उतरताना, एक पाय हवेत असताना.

दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. छोट्या प्रयोगात आधी काही हाती लागल्याशिवाय मोठ्या अभ्यासाला पैसा कोण देणार? आणि 'पडणं' तरी कुठे सरळ मोजता येतं? १९८७ च्या एका आंतरराष्ट्रीय व्याख्येत फिट, शुद्ध हरपणं, अर्धांगाचा झटका यांमुळे पडलेले वगळले होते. २००५ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी ती मोकळी केली आणि रोजच्या नोंदीचा आग्रह धरला. आपल्या घरांत तर ही नोंद आणखी अवघड. आजींना विचारा, "नाही रे, पडले नाही, जरा टेकले खाली" हेच उत्तर येतं. मुलांनी बाहेर पडायची बंदी घालू नये म्हणून हे लपवणं चालतं.

२००६ मध्ये मधुमेहाने पाय बधिर झालेल्या आणि पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांवर इनसोल तपासले, २०१५ मध्ये चालण्यावरही. फरक दिसला, पण माणसं मोजकी, वेळ थोडा. कानामागून विजेचा अतिसौम्य बेशिस्त प्रवाह देऊन, तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाला मदत करायचे प्रयोगही याच घराण्यातले. दाणेदार चपलेचं कूळ वेगळं. तिथे स्पर्श चांगला टोचून जाणवतो. तिच्या जवळचा म्हणावा असा अभ्यास २००५ मध्ये अमेरिकेत झाला : साठीपुढच्या १०८ जणांपैकी काही १६ आठवडे खडबडीत दगडी चटईवर चालले, आणि साधं चालणाऱ्यांपेक्षा त्यांचा तोल जास्त सुधारला. तिथेही मुख्य माप तोलाचंच होतं.

प्रत्यक्ष पडणी मोजून जे टिकलं ते बरंच साधं आहे. २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलं. तोलाचे आणि उठण्या-बसण्याचे व्यायाम त्यात महत्त्वाचे. आणि इंद्रियालाच मदत करायची तर मोतीबिंदू काढावा : २००५ च्या ब्रिटिश अभ्यासात सत्तरीपुढच्या बायकांत पहिल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पडणं ३४ टक्क्यांनी कमी झालं.

मधुमेहींनी दाणेदार चपलेपासून लांबच राहावं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी अनवाणी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणाऱ्यांत बधिर पायांची माणसंही असतात. खडा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. चपलेचे दाणे रोज तेच करू शकतात. इनसोलची अडचण निराळी. प्रयोगात प्रत्येकाची जाणिवेची सीमा आधी मोजून कंपन तिच्या खाली ठेवलं होतं. दुकानात ती मोजायची सोय नाही, आणि काहीच जाणवत नाही अशी वस्तू गिऱ्हाईक घेत नाही. म्हणून विकाऊ इनसोल चांगले जाणवतील इतके थरथरतात.