बीजमूळ आणि मुकुटमूळ: ताणातल्या ज्वारीचं नेमकं कुठलं मूळ अडतं?

वापसा (पेरणीजोगी ओल) साधून काळ्या रानात मालदांडी ज्वारी पेरली, की आठवड्याभरात तासं (रोपांच्या ओळी) उठून दिसतात. मग वीस दिवस पावसाचा थेंब नाही. रोप हिरवंच असतं, पण वाऱ्यानं लवंडतं, धरून ओढलं तर अलगद हातात येतं. ‘मूळच धरलं नाही’ असं परभणी-बीडकडं सगळेच म्हणतात. पण कुठलं मूळ? तृणधान्याच्या रोपाला मुळांचे दोन संच असतात आणि कोरड पडली की दोन्ही एकसारखे वागत नाहीत.

बीजमूळ थेट बियातून निघतं. ज्वारी-बाजरीला ते एकच, गव्हाला साधारण ३ ते ६. बी पडलं तिथून ते ओलीच्या मागं खाली जातं, त्यामुळं वरची माती सुकली तरी त्याचं लगेच काही बिघडत नाही. मर्यादा एवढीच, की तुरीच्या सोटमुळासारखं ते वयाबरोबर जाड होत नाही. पाणी वर नेणाऱ्या त्याच्या नळ्या सुरुवातीला जेवढ्या, तेवढ्याच शेवटपर्यंत. चार पानांची तहान त्यावर भागते, दहा पानांची नाही.

मुकुटमुळं खोडाच्या बुडाशी असलेल्या पेरांतून (गाठींतून) फुटतात, रोप तीन ते पाच पानांवर आल्यावर. ती जाड असतात आणि तिरपी पसरतात. पुढं ताटाला पाणी, अन्न आणि आधार मुख्यतः तीच देतात. खरी गोम इथं आहे: ही पेरं जमिनीखाली जेमतेम २-३ सेंमीवर असतात, म्हणजे नेमकी सगळ्यात आधी वाळणाऱ्या थरात.

‘खोल पेरलं की मुळं खोल जातात’ हा समज त्यामुळंच अर्धवट ठरतो. ज्वारीत बी आणि बूड यांच्यामध्ये एक पांढरं कांडं असतं. ते कोंबाला वर ढकलतं आणि उजेडाची चाहूल लागली की थांबतं. बी ५ सेंमीवर पडो की ८, मुकुट, म्हणजे ही मुळं फुटणारं बूड, वरच येतो. खोल पेरणीनं खाली जातं ते फक्त बीजमूळ, आणि लांब कांडं वाढवण्यात बियातला साठा खर्च होऊन रोप अशक्त निघतं. ५ सेंमीच्या आसपास, ओलीत बी पडणं महत्त्वाचं.

तपासायचं तर रोप उपटू नका, मुळं तुटून आत राहतात. खुरप्यानं वीतभर खोल ढेकूळ काढा, अर्धा तास बादलीतल्या पाण्यात ठेवा आणि माती हळूच सोडवा. तळाशी बियाचं टरफल, त्याखाली बारीक बीजमूळ, वर पांढरं कांडं आणि त्यावर मुकुटाची गाठ दिसेल. गाठीवरच्या मुळांची टोकं पांढरी, टोकदार असतील तर वाढ चालू आहे. अर्ध्या सेंमीचे तपकिरी, बोथट खुंट दिसले तर कोरड्या थरानं ती रोखली आहेत. (पोंगा, म्हणजे मधला कोवळा शेंडा, वाळून हातात आला तर ती खोडमाशी ही कीड, त्यात मुळांचा दोष नाही.)

गव्हाचं गणित थोडं निराळं आहे. त्याची बीजमुळं अनेक असल्यानं मुकुटमुळं फसली तरी पीक त्यांवर तग धरतं, फक्त फुटवे कमी होतात आणि ओंब्या लहान राहतात. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांचं पाणी चुकवू नये म्हणतात, ते मुकुटमुळांसाठीच.

कोरडवाहू ज्वारीत पाणी नसेल तर तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं (तासांमधली माती हलवणारं औजार) चालवा. भेगा बुजतात, वरच्या भुसभुशीत थरामुळं खालची ओल टिकते. पास (कोळप्याचं पातं) मात्र उथळ ठेवा. तासाला घासून खोल गेलं तर जी दोन-चार मुळं धरली असतील तीच कापली जातात.

वाळलेले खुंट पाऊस आल्यावर पुन्हा वाढत नाहीत. वरच्या पेरातून मुळांचा नवा घेर फुटतो, म्हणून त्या पावसानंतरच्या कोळपणीत बुडाला मातीची भर लागलीच पाहिजे. पेर उघडं राहिलं तर नवी मुळंही मातीत शिरण्याआधीच सुकतात.