खिडक्या बदलण्याचा खर्च: चौरस फुटाच्या दरात काय दिसत नाही

समुद्राजवळच्या दमट शहरात खिडकी मध्यभागी क्वचितच खराब होते, कडांना होते. काच शाबूत असते. पण स्क्रू गंजलेले, रोलर जाम झालेले आणि चौकटीखालच्या भिंतीला ओल लागून पोपडे सुटलेले असतात. चौरस फुटाच्या दरात काच आणि चौकटीच्या पट्ट्या तेवढ्या दिसतात. दोन कोटेशनमधला खरा फरक बाकीच्या गोष्टींत असतो, म्हणून आधी त्या विचारून घ्या.

दराबद्दल एक खुलासा. १२०० × १५०० मिमीची खिडकी म्हणजे १.८ चौरस मीटर, साधारण १९.४ चौरस फूट. तिच्या निम्म्या आकाराच्या खिडकीलाही तेवढेच रोलर, तेवढीच लॉक आणि तेवढेच कोपरे लागतात. मजुरीही जवळपास तेवढीच. त्यामुळे लहान खिडकीचा चौरस फुटाचा दर जास्त येतो. यात लबाडी नाही.

जुनी चौकट ठेवायची की काढायची?

खर्चात सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. जुन्या चौकटीच्या आत नवी बसवली तर फोडकाम, राडारोडा, गिलावा, रंग असं सगळं वाचतं. उजेडाची जागा मात्र चारी बाजूंनी थोडी कमी होते. निर्णय घेण्याआधी खालच्या दोन्ही कोपऱ्यांत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. लाकडात टोक सहज रुतलं किंवा लोखंडाचे पापुद्रे सुटले, तर ती चौकट काढावीच लागेल. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. झाकून टाकलेली चौकट आत फुगत राहते आणि नवा गिलावा तडकवते. मग तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

पट्ट्या आणि स्क्रू

ॲल्युमिनियमला ॲनोडायझिंग (विजेच्या प्रक्रियेने धरवलेला संरक्षक थर) असेल तर समुद्राजवळ ते २० ते २५ मायक्रॉनचं हवं; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग, ६० मायक्रॉनपेक्षा पातळ नको. कोटिंग झाल्यावर पट्टी कापली की टोकं उघडी पडतात. ती जोडताना सीलंटने बंद केली नाहीत तर खारट ओल तिथून शिरते आणि रंगाखाली दोऱ्यासारख्या रेषा पसरत जातात. यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची पट्टी) गंजत नाही, पण तिच्या पोटात मजबुतीसाठी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी असते. खालच्या ट्रॅकमधून आरपार स्क्रू मारला आणि त्याचं डोकं सील केलं नाही, तर पाणी थेट त्या लोखंडापर्यंत पोचतं. शिवाय यूपीव्हीसी उन्हाने वाढते: दीड मीटरची पट्टी २० अंशांच्या फरकाने सुमारे २ मिमी. भिंतीला घट्ट ठोकून बसवलेली चौकट म्हणूनच वाकते.

स्क्रू, बिजागऱ्या आणि रोलरची धुरी स्टेनलेस स्टीलची, शक्यतो ३१६ ग्रेडची मागा. ३०४ वरही खाऱ्या हवेत तपकिरी डाग येतात. साधा लोखंडी स्क्रू चुंबकाने लगेच पकडता येतो. ३०४ आणि ३१६ यांतला फरक मात्र चुंबकाला कळत नाही, त्यासाठी बिलावर ग्रेड लिहून घ्या.

वाऱ्यासोबत येणारा पाऊस

सरकत्या खिडकीत पाणी ट्रॅकमध्ये येणारच. ते भोकांतून बाहेर जावं, अशीच तिची रचना असते. वारा जोरात असला की त्याचा दाब हे पाणी आत ढकलतो आणि ते अडवते ती ट्रॅकची आतली उभी कड. हिशेब सोपा आहे: २० मिमी उंच कड ताशी साधारण ६५ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब तोलते, ३० मिमीची सुमारे ८०. आम्ही खिडक्या बसवतो आणि कडेची उंची कोटेशनमध्ये लिहितो. इतरांकडूनही लिहून घ्या. तोंडावर पाऊस येणाऱ्या भिंतीला मात्र बाहेर उघडणारी, रबरावर दाबून बसणारी खिडकीच बरी. ती महाग पडते, कारण बिजागऱ्या आणि लॉक भारी लागतात.

फट आणि सिलिकॉन

गळती बहुतेक वेळा चौकट आणि भिंत यांच्यामधून होते. वर सांगितलेल्या खिडकीचा घेर ५.४ मीटर, आतून-बाहेरून मिळून १०.८. ८ × ८ मिमी जाडीने भरलं तर ३०० मिलीची नळी ४.७ मीटर पुरते. म्हणजे एका खिडकीला जवळपास अडीच नळ्या. एका नळीत दोन खिडक्या उरकल्या असतील तर काय भरलं गेलं, ते तुम्हीच ओळखा. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं हवं; व्हिनेगरसारखा वास येणारं सिमेंटवर नीट धरत नाही आणि धातूलाही खातं. भिंत कोरडी हवी, जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडलेलं हवं. फट १० मिमीपेक्षा रुंद असेल तर आधी फोमची दोरी भरावी लागते. नुसता फुगणारा फोम पाणी अडवत नाही.

काच

५ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला १२.५ किलो. दुहेरी काच घेतली की वजन दुप्पट होतं आणि रोलरही तेवढ्या ताकदीचे लागतात. टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच नंतर कापता येत नाही, म्हणून रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी, शिवाय दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय आम्ही ऑर्डर देत नाही. बाहेर ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर २८ अंशांच्या खाली गेलेल्या काचेवर दव धरतं. एसीचा झोत काचेवर पडत असेल तर ती बाहेरून ओली होते. हा खिडकीचा दोष नव्हे. दुहेरी काचेच्या मध्ये धुकं दिसलं, तर मात्र सील गेलेलं असतं आणि ती काच बदलावीच लागते.

काम ताब्यात घेताना खालच्या ट्रॅकमध्ये एक लिटर पाणी हळूहळू ओता. ते बाहेरच्या बाजूने निघून जायला हवं, आत एक थेंबही नको. साचून राहिलं तर भोकं गिलाव्याने किंवा सिलिकॉनने बुजली आहेत. कारागीर समोर असतानाच ती मोकळी करून घ्या. पुढेही महिन्यातून एकदा पट्ट्या गोड्या पाण्याने धुताना त्या भोकांतून काडी फिरवत जा.