पोच मिळेपर्यंत

अमेरिकेतल्या एखाद्या घराची मागची खिडकी रात्री कोणी उचकटली, की भोंगा वाजायला लागतो. तो शेजाऱ्यांसाठी. खरं काम तळघरातल्या किंवा कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात चालू होतं, आणि ते कोणाच्या कानावर पडत नाही. डब्यातलं पॅनेल म्हणजे चोर पकडायच्या अलार्मचा मेंदू. ते लँडलाइनवर चालणारं असेल, तर आधी घरातले सगळे फोन लाइनपासून तोडतं. बाहेरून येणारी लँडलाइन पहिल्यांदा पॅनेलमध्ये शिरते आणि मग फोनांकडे जाते, त्यामुळे चोराने स्वयंपाकघरातला रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला तरी काही बिघडत नाही. लाइन हातात आली, की पॅनेल चक्क फोन लावतं. तो जातो दुसऱ्या गावातल्या, कधी दुसऱ्या राज्यातल्याही, देखरेख केंद्रात.

पलीकडे फोन उचलणारंही यंत्रच. ते दोन छोट्या शिट्ट्या घालतं: एक १४०० हर्ट्झची, दुसरी २३०० हर्ट्झची, प्रत्येकी सेकंदाचा दहावा भाग. 'हं, बोला.' मग पॅनेल सोळा आकडे म्हणून दाखवतं, बटणांच्या फोनवर आपण ऐकलेल्या त्याच सुरांत. दोनएक सेकंदांत संपतं. या बोलीचं नाव 'कॉन्टॅक्ट आयडी'. ॲडेमको या कंपनीने ती काढली आणि १९९९ साली तिचं मानक झालं.

समजा, आकडे असे आले: ४२७१ १८ ११३० ०१ ००३ ३. पहिले चार म्हणजे ग्राहकाचा खाते क्रमांक. १८ म्हणजे 'मी कॉन्टॅक्ट आयडीत बोलतोय'. ११३० मधला पहिला १ सांगतो, की घटना आत्ता घडली. सगळं पूर्ववत झालं तर तिथे ३ येतो. १३० म्हणजे घरफोडी. ०१ हा घराचा विभाग आणि ००३ ही मागची खिडकी. आगीसाठी ११०, वीज गेली तर ३०१, बॅटरी उतरली तर ३०२. मला सगळ्यांत धूर्त वाटतो तो १२१. चोराने मानेला सुरी लावून अलार्म बंद करायला लावला, तर मालक कीपॅडवर एक वेगळा आकडा दाबतो. अलार्म मुकाट बंद होतो, आणि केंद्राला कळतं, की हे जबरदस्तीने झालंय.

शेवटचा ३ म्हणजे शाळेतल्या गणिताचा ताळाच. सगळे आकडे मिळवायचे, पण शून्याला दहा धरायचं. जुन्या डायलच्या फोनवर शून्याला दहा ठोके पडत, तसं. इथे आधीच्या पंधरा आकड्यांची बेरीज ७२ होते. ३ मिळवले की ७५, म्हणजे पंधराच्या पाढ्यात बसलं. लाइनवरच्या खरखरीने एखादा आकडा बदलला तर ताळा जुळत नाही आणि केंद्र गप्प बसतं.

जुळला, तर केंद्र १४०० हर्ट्झचा एक लांब सूर देतं. ही पोच. धंद्यातले लोक हिला 'किस-ऑफ' म्हणतात. ती ऐकू येईपर्यंत पॅनेल निरोप पुन्हा पुन्हा म्हणतं, तरी पोच नाही आली तर फोन ठेवून परत लावतं, नाहीतर दुसरा नंबर फिरवतं.

पण चोराने आधीच तार कापली असेल तर? लाइनवरचा विजेचा दाब गेल्याचं पॅनेलला कळतं, पण सांगणार कोणाला? ते फार तर भोंगा वाजवेल. उपाय म्हणून पॅनेल ठरावीक वेळी, बहुधा दिवसातून एकदा, चाचणीचा फोन करी. त्याचा आकडा ६०२. रात्री कापलेली तार केंद्राला कळायची ती या फोनची वेळ टळल्यावर.

इंटरनेट आणि मोबाइलच्या जोडणीने हे उलटं केलं. पॅनेल दर काही मिनिटांनी, कुठे कुठे सेकंदांनीही, नुसता 'आहे' असा ठोका देतं. ठोका चुकला, की केंद्र स्वतःच जागं होतं. म्हणजे शांतताच निरोप झाली.

हे बदल सुखासुखी झाले नाहीत. घरचा फोन इंटरनेटवरून जायला लागला तेव्हा माणसाचा आवाज कमी जागेत पाठवण्यासाठी केलेल्या दाबणीत (कॉम्प्रेशनमध्ये) हे सूर चेंगरले आणि ताळे जुळेनात. २०२२ च्या फेब्रुवारीत एटी अँड टी या अमेरिकी फोन कंपनीने थ्रीजी बंद केलं, तेव्हा त्यावर बोलणाऱ्या पॅनेलांचे रेडिओ बदलावे लागले. बऱ्याच घरांतून सूर गेले, शिट्ट्या गेल्या. पण आज इंटरनेटवरून जाणारं कुलूपबंद पाकीट केंद्रात उघडलं, तर आत बऱ्याचदा तेच निघतं: ११३०, ०१, ००३.